खरं बोलून खोटी ठरलेली साक्षीदार

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲगाथा ख्रिस्तीची 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' ही कोर्टातल्या खुनाची गोष्ट आता शंभर वर्षांची झाली. शेवट बहुतेकांना ठाऊक आहे, तरी लोक ती पुन्हा वाचतात, तिच्यावरचा सिनेमा पुन्हा पाहतात. असं काय आहे तिच्यात? रोज कोर्टात उभं राहणाऱ्या माणसाला ती पटते का? असा खटला आपल्याकडे चालला तर काय होईल? आणि ज्याने यातलं काहीच वाचलेलं नाही, त्याने सुरुवात कुठून करावी?

मी सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवते. बहुतेक काळ बचाव पक्षाकडून उभी राहिले, मधली काही वर्षं सरकार पक्षाकडूनही. ही गोष्ट मी वकिली सुरू करण्याआधी वाचली होती आणि तेव्हा शेवटच्या ओळीने थक्क झाले होते. साक्षीदार तपासायला लागल्यावर परत वाचली, तेव्हा शेवटापेक्षा मधली पानंच जास्त हादरवणारी वाटली. उत्तर देताना शेवट सांगावाच लागेल. ज्यांना गोष्ट कोरी वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचावी, पंचवीस-तीस पानांची आहे, आणि मग इकडे यावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ही गोष्ट टिकली ती शेवटच्या कलाटणीमुळे, असं सर्रास म्हटलं जातं. कलाटणी एकदाच कामी येते. शंभर वर्षं टिकायला आणखी काहीतरी लागतं. न्यायाधीश असो, ज्यूरी असो की वाचक, समोर सांगितलेली हकिकत आपण तपासतोय असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात आपण सांगणाऱ्या माणसाला तपासत असतो. माणूस नालायक ठरला की त्याची हकिकतही खोटी ठरवून आपण मोकळे होतो. ही गोष्ट आपल्याला नेमकं तेच करायला लावते. शेवट माहीत असला तरी दुसऱ्या वाचनात मन पुन्हा त्याच वाटेने जातं.

गोष्ट प्रथम छापली गेली 31 जानेवारी 1925 रोजी, अमेरिकेतल्या 'फ्लिन्स वीकली'मध्ये, तीही 'ट्रेटर्स हँड्स' या वेगळ्याच नावाने. इंग्लंडमध्ये ती 1933 च्या एका कथासंग्रहात आली. लेनर्ड व्होल नावाचा तरुण. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर रस्ता ओलांडताना एका वयस्कर बाईंच्या हातातली पार्सलं पडतात, हा उचलून देतो, ओळख वाढते. बाईंचं नाव एमिली फ्रेंच. पैसेवाल्या, एकट्या राहणाऱ्या. हळूहळू तो त्यांचे पैशांचे व्यवहार बघायला लागतो. एका रात्री बाई घरात मेलेल्या सापडतात, डोक्यात कटावणीचा घाव. मृत्युपत्र निघतं, त्यात सगळ्यात मोठा वाटा व्होलचा. मोलकरीण जॅनेट मॅकेन्झी सांगते की ती साडेनऊला कपड्याचा एक नमुना न्यायला घरी परत आली होती, तेव्हा दिवाणखान्यातून बाईंचा आणि एका पुरुषाचा आवाज येत होता. व्होल म्हणतो, मी नऊ वीसला माझ्या घरी होतो, माझ्या बायकोला विचारा.

बायको म्हणजे रोमेन, ऑस्ट्रियन, पूर्वाश्रमीची नटी. व्होलचे सॉलिसिटर, म्हणजे खटल्याची तयारी करणारे वकील, मेहर्न तिला भेटायला जातात, आणि ती तोंडावर सांगते की तो माझा नवराच नाही. तिचा पहिला नवरा वेड्यांच्या इस्पितळात जिवंत आहे. शिवाय व्होल त्या रात्री नऊ वीसला नाही, दहा वीसला घरी आला, त्याच्या बाह्यांवर रक्त होतं, आणि त्याने खुनाची कबुली दिली. ती सरकार पक्षाची साक्षीदार होते. मग मेहर्नना एक गचाळ चिठ्ठी येते. एका घाणेरड्या खोलीत मिसेस मॉग्सन नावाची विद्रूप चेहऱ्याची बाई थोड्या पैशांत त्यांना पत्रांचा गठ्ठा विकते. रोमेनने 'मॅक्स' नावाच्या प्रियकराला लिहिलेली पत्रं. त्यांत तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय की लेनर्ड निर्दोष आहे, पण मी त्याला फासावर चढवणार, म्हणजे आपण मोकळे. कोर्टात पत्रं वाचली जातात, रोमेन कोसळते, खोटं बोलले म्हणून कबूल करते. व्होल सुटतो.

मग मेहर्नना एक गोष्ट खटकते. साक्ष देताना रोमेन उजव्या हाताची मूठ आवळत-सोडत होती. तशीच सवय मॉग्सनबाईला होती. ते रोमेनला गाठतात. हो, मॉग्सन मीच होते, ती सांगते. मॅक्स नावाचा कोणी नव्हताच. नवऱ्यावर जीव टाकणाऱ्या बायकोच्या साक्षीला कोण विचारतं? म्हणून तो निर्दोष असल्याची साक्ष माझ्याकडून हिसकावून घेतली जायला हवी होती, मी नीच ठरायला हवी होते. मेहर्न म्हणतात, पण तो निर्दोष आहे हे तुला ठाऊक होतं, मग साध्या मार्गाने... ती म्हणते, तुम्हाला वाटतं मला तो निर्दोष असल्याचं माहीत होतं. मला माहीत होतं की तो गुन्हेगार आहे.

आता मधली पानं पुन्हा बघा. सरकार पक्षाची साक्षीदार म्हणून रोमेन जे बोलली, ते सारांशाने खरं होतं. वेळ खरी, रक्त खरं. कोर्टात सत्य आलं होतं, शपथेवर, योग्य माणसाच्या तोंडून. ते सत्य बचाव पक्षाने उद्ध्वस्त केलं, आणि उद्ध्वस्त करणारे वकील प्रामाणिक होते. लाच नाही, धमकी नाही, फितुरी नाही. उलटतपासणी जशी व्हायला हवी तशीच झाली.

आपल्याकडच्या मराठी साक्षींची कागदपत्रं ज्यांनी चाळली असतील त्यांना एक वाक्य तोंडपाठ असेल: 'असे म्हणणे खरे नाही की, मी आज कोर्टात खोटी साक्ष देत आहे.' जवळजवळ प्रत्येक उलटतपासणीचा हा शेवट. तुम्ही खोटं बोलताय असं वकील सुचवतो, साक्षीदार नाकारतो, न्यायाधीश उतरवून घेतात, सगळे पुढच्या साक्षीदाराकडे वळतात. त्या वाक्यातून काही निघेल अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. रोमेन ही एकच साक्षीदार मला माहीत आहे जी तिथे म्हणते, 'खरे आहे.' आणि तिची सगळ्यात मोठी लबाडी त्या कबुलीतच आहे. कबुलीवर शंका घ्यायचं आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. स्वतःचं नुकसान करून घेणारं वाक्य कोणी उगाच बोलत नाही, ही समजूत पुराव्याच्या कायद्यात खोलवर बसलेली आहे, आणि ख्रिस्तीने घाव तिथेच घातला.

हे सगळं त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात फार नेमकं बसवलेलं आहे. तेव्हा तिथे खुनासारख्या खटल्यात बायको नवऱ्याविरुद्ध सरकार पक्षाची साक्षीदार होऊ शकत नसे. म्हणून तो पहिला नवरा लागतो. तो जिवंत नसता तर रोमेन पिंजऱ्यात चढूच शकली नसती आणि गोष्टच झाली नसती. पहिल्या वाचनात तो तपशील रोमेनचं चारित्र्य दाखवायला आलाय असं वाटतं. खरं तर अख्ख्या कथानकाचा भार त्यावर आहे. नंतर या कथेचं नाटक करताना ख्रिस्तीने गाजलेल्या खटल्यांची पुस्तकं भरपूर वाचली आणि वकिलांना विचारून घेतलं. नाटकात तो अभ्यास जाणवतो, पण कोणी धडा वाचून दाखवतंय असं कुठेही वाटत नाही.

पत्रांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आजच्या वाचकाला त्यांची जरब कळत नाही. 1922 च्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या इलफर्डमध्ये पर्सी थॉम्पसन या माणसाचा रस्त्यावर भोसकून खून झाला. मारणारा फ्रेडरिक बायवॉटर्स, पर्सीच्या बायकोचा प्रियकर. बायको एडिथ तिथे हजर होती, पण तिने हात उचलला नव्हता. तिने प्रियकराला लिहिलेली पत्रं सापडली. जेवणात काचेचा चुरा घालण्याच्या, विषाच्या गोष्टी त्यांत होत्या. ती कल्पनाविलास होती की कट, यावर आजही वाद आहे. शवचिकित्सेत विष किंवा काच मिळाली नाही. ओल्ड बेलीत, म्हणजे लंडनच्या मुख्य फौजदारी न्यायालयात, ती पत्रं सगळ्यांसमोर वाचली गेली. तिचे बॅरिस्टर सर हेन्री कर्टिस-बेनेट तिला पिंजऱ्यात जाऊ नको म्हणत होते, ती हट्टाने गेली, आणि तिथे तिचं उरलंसुरलं गेलं. 9 जानेवारी 1923 रोजी दोघांना एकाच वेळी, वेगवेगळ्या तुरुंगांत फाशी झाली. लोकांच्या लेखी तिचा मोठा गुन्हा व्यभिचार होता, आणि तो पत्रांनी सिद्ध झाला होता.

ख्रिस्तीची गोष्ट यानंतर दोन वर्षांनी आली. तिने हा खटला डोळ्यांसमोर ठेवला होता असा दावा मी करणार नाही. पण 1925 च्या वाचकाला प्रियकराला लिहिलेली पत्रं, कोर्टातलं वाचन आणि पिंजऱ्यातली बाई हे चित्र ताजं होतं एवढं नक्की. एडिथला पत्रांनी फासावर नेलं. रोमेन तसलीच पत्रं स्वतः बसून लिहिते आणि त्यांच्या जोरावर नवऱ्याला फासावरून उतरवते. 'वाईट चालीची बाई' या शिक्क्याची ताकद तिला पुरती कळलेली आहे. समाज आपल्याला काय म्हणेल हे ओळखून ती ते हत्यारासारखं वापरते. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त दुखतं ते हे. नवऱ्यासाठी खोटं बोलणाऱ्या पतिव्रतेवर ज्यूरीने विश्वास ठेवला नसता, कारण ती पतिव्रता. नवऱ्याविरुद्ध बोलणाऱ्या व्यभिचारिणीवर ठेवला नाही, कारण ती व्यभिचारिणी. बाईच्या शब्दाला शब्द म्हणून किंमत मिळण्याची जागाच कुठे उरली नव्हती. आपल्या कोर्टांतही साक्षीदार बाईला तिच्या चालचलणुकीवरून किती प्रश्न विचारले जातात हे मी पाहिलं आहे. बलात्काराच्या खटल्यांत पीडितेच्या पूर्वचारित्र्यावरच्या प्रश्नांना आता कायद्याने मनाई आहे. इतर खटल्यांत मात्र ती खोड अजून पुरती गेलेली नाही.

आता आपल्याकडे काय झालं असतं ते बघू. पहिला फरक बायकोच्या साक्षीचा. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमात कलम 120 प्रमाणे नवराबायको एकमेकांविरुद्ध फौजदारी खटल्यात साक्ष देऊ शकत होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम 126 झालं आहे. म्हणजे आपल्याकडे रोमेनला पिंजऱ्यात चढायला पहिल्या नवऱ्याची गरज नाही. पण दुसरी अडचण आहे. जुनं कलम 122, आताचं 128, म्हणतं की वैवाहिक जीवनात जोडीदाराने जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय कोर्टात सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये राम भरोसे या उत्तर प्रदेशातल्या खटल्यात ही रेघ स्पष्ट केली. नवरा पहाटे छपरावरून उतरला, भुशाच्या खोलीत गेला, आंघोळ केली, हे बायकोने डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून ते सांगता येतं. दागिने देताना तो काय बोलला, ते मात्र सांगता येत नाही. याच मापाने रोमेनची साक्ष मोजली तर दहा वीसची वेळ आत येते, बाह्यांवरचं रक्त आत येतं, 'मी तिला मारलं' हे वाक्य बाहेर राहतं. इथे मात्र सरकारी वकील पहिल्या नवऱ्याचा मुद्दा हमखास काढेल. लग्नच कायदेशीर नव्हतं, मग वैवाहिक संरक्षण कसलं? म्हणजे तोच तपशील आपल्या कोर्टात वेगळ्या दाराने परत येतो.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रोमेनचा डाव एका जुन्या तत्त्वावर उभा आहे: एका बाबतीत खोटा तो सगळ्याच बाबतींत खोटा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व इथे कायद्याचा नियम म्हणून लागू नाही असं वारंवार सांगितलं आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांतला साक्षीदार खऱ्या हकिकतीला चार गोष्टी जोडतो, भाऊबंदकीतल्या आणखी दोघांची नावं घुसवतो, म्हणून न्यायाधीशाने कोंड्यातून दाणे वेगळे करायचे असतात. 1957 च्या वडिवेलू थेवर खटल्यात न्यायालयाने साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह, आणि या दोन्हींत न बसणारे. पहिल्या दोन वर्गांत काम सोपं असतं. तिसऱ्यात इतर पुराव्याची पुष्टी शोधावी लागते. रोमेनने स्वतःला पहिल्या वर्गातून उचलून थेट दुसऱ्यात टाकलं, आणि कोर्टाने तिला तिसऱ्यात ठेवून पाहिलंच नाही. एखाद्या चांगल्या सत्र न्यायाधीशाने विचारलं असतं: बाई प्रियकरासाठी खोटं बोलली असेल, पण मृत्युपत्र कुठे जातं? जॅनेटने ऐकलेला आवाज कुठे जातो? खून एखाद्या चोराने केला असेल तर बाहेरून घर फोडल्याची खूण कुठे आहे?

पत्रांवरही आपल्याकडे बरीच झटापट झाली असती. अक्षर तिचं आहे हे तिने मानलं, ठीक. पण मॅक्सला लिहिलेली पत्रं मॅक्सकडे असायला हवीत, ती मॉग्सनच्या हाती कशी आली? पाकिटं कुठे आहेत? टपालाचा शिक्का आहे का? मॅक्स कोण, राहतो कुठे? पोलिसांनी एक दिवस त्याला शोधला असता तर तो मिळाला नसता, आणि न मिळणं हेच खूप काही सांगून गेलं असतं. सरकारी वकिलाने फेरतपासणीसाठी, म्हणजे उलटतपासणीनंतर आपल्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारण्यासाठी, वेळ मागायला हवा होता, गरज पडली तर स्वतःच्याच साक्षीदाराला फितूर घोषित करून उलट प्रश्न विचारायला हवे होते. फेरतपासणीच्या टप्प्यावरही अशी परवानगी देता येते, हे 1964 मध्ये दह्याभाई ठक्कर खटल्यात ठरलेलं आहे. आणि साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची आधीची साक्ष धुऊन निघत नाही. यात गोष्टीची चूक मी काढत नाही. कथेतल्या कोर्टाने हे केलं नाही, कारण सगळ्यांना हवं ते उत्तर हाती आलं होतं. खऱ्या कोर्टांतही चौकशी बहुतेक वेळा तिथेच थांबते.

तिसरा फरक शेवटाचा. इंग्लंडमध्ये ज्यूरीने निर्दोष म्हटलं की तेव्हा प्रकरण कायमचं मिटत असे. व्होलने दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहून कबुली दिली असती तरी त्याच खुनासाठी पुन्हा खटला नाही. रोमेनचं संपूर्ण गणित या एका नियमावर आहे. आपल्याकडे निर्दोष सुटकेविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात अपील करू शकतं, आणि अपिलात जादा पुरावाही घेता येतो. दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्यात 2006 च्या फेब्रुवारीत आरोपी सुटले, त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवलं, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. इंग्लंडनेही पुढे तो नियम सैल केला. 2003 च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत नवा आणि सबळ पुरावा आल्यास पुन्हा खटला भरण्याची सोय झाली. त्याखाली 2006 मध्ये पहिली शिक्षा झाली ती बिली डनलॉप या माणसाला. 1991 मध्ये तो खुनातून सुटला होता, मग तुरुंगात कबुली देऊन बसला होता, आणि तोवर त्याला फक्त खोट्या साक्षीसाठी शिक्षा देता आली होती. मारल्या गेलेल्या मुलीच्या आईने कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षं झगडा दिला. म्हणजे व्होलला आज लंडनमध्येही निर्धास्त झोपता आलं नसतं.

ज्यूरीबद्दल बोलताना मुंबईचा नानावटी खटला आठवल्याशिवाय राहत नाही. 27 एप्रिल 1959 ला नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. वर्तमानपत्रांनी उभा केलेला देखणा, प्रामाणिक, फसवला गेलेला अधिकारी ज्यूरीच्या डोळ्यांसमोर होता. न्यायाधीश मेहता यांनी तो निर्णय न पटून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे बाकी भावनेला बाजूला सारून एका टॉवेलकडे बघितलं गेलं. आहुजा आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला होता. झटापटीत गोळ्या सुटल्या असं बचाव पक्ष सांगत होता, आणि टॉवेल अंगावर जसाच्या तसा होता. 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. माणूस बघून दिलेला निर्णय आणि वस्तू बघून दिलेला निर्णय यांतला फरक मला शिकाऊ वकिलांना समजावायचा असतो, तेव्हा मी हेच उदाहरण देते.

ख्रिस्तीलाही वस्तूंचं आणि शरीराच्या छोट्या लकबींचं मोल कळत होतं. 1957 च्या सिनेमात व्होलचे बॅरिस्टर सर विल्फ्रिड आपल्या एकभिंगी चष्म्यावर ऊन झेलून तो कवडसा समोरच्याच्या तोंडावर पाडतात आणि तो खरं बोलतोय का ते जोखतात. व्होल त्या परीक्षेत उत्तम उतरतो. तो खुनी असतो. त्याची बायको शांतपणे जाऊन खिडकीचा पडदा ओढून घेते. दिग्दर्शक बिली वाइल्डरने घातलेला हा प्रसंग मूळ कथेत नाही, पण कथेचं मर्म त्याने अचूक पकडलं आहे. 'साक्षीदाराचा चेहरा सांगत होता' हे वाक्य मी बार रूममध्ये असंख्य वेळा ऐकलं आहे, आणि त्यावर माझा विश्वास दर वर्षी कमी होत गेला आहे. घाबरलेला खरा माणूस चाचरतो, अडखळतो, घामाघूम होतो. पढवलेला साक्षीदार पाण्यासारखा वाहतो.

त्याच सिनेमात जॅनेटची उलटतपासणी आहे, ऊना ओ'कॉनरने केलेली. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरही ही भूमिका तिनेच केली होती. दाराआडचा आवाज ओळखला असं ती छातीठोक सांगते, आणि सर विल्फ्रिड आवाज खाली आणून तिला कानाच्या यंत्राबद्दल विचारतात. तिला प्रश्नच ऐकू जात नाही. नव्या वकिलांनी हा तुकडा पुन्हा पुन्हा बघावा. आरडाओरडा नाही, अपमान नाही, एकच प्रश्न, आणि उत्तर साक्षीदाराच्या कानांनी दिलेलं. पण इथेही तीच चकवणूक आहे. जॅनेट कानाने अधू असली तरी तिचं म्हणणं खरंच होतं. व्होल त्या वेळी त्या घरात होता. उत्कृष्ट उलटतपासणीने एक खरी गोष्ट पुसून टाकली, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. मी बचावाची वकील आहे, शंकेचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे असं मनापासून मानते, आणि तरी हा प्रसंग मला अस्वस्थ करतो. अशी अस्वस्थता देणारी गोष्ट शिळी होत नाही.

शेवटाबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. 1953 मध्ये नाटक लंडनला आलं तेव्हा ख्रिस्तीने शेवट वाढवला. सुटलेला व्होल एका तरुण मुलीबरोबर निघायला लागतो आणि रोमेन त्याला भर कोर्टात भोसकते. हा शेवट ठेवू नका असं तिला सांगितलं गेलं होतं, ती हटली नाही. रंगमंचावर तो जबरदस्त चालतो, यात वाद नाही. लंडनमध्ये 468 आणि न्यूयॉर्कमध्ये 645 प्रयोग झाले, आणि 2017 मध्ये लंडनच्या जुन्या कौंटी हॉलच्या सभागृहात ते पुन्हा उभं राहिलं तेही वर्षानुवर्षं चालत राहिलं. तरी मला मूळ कथेचा शेवट थोर वाटतो. नाटकात खुन्याला शिक्षा होते, प्रेक्षक हिशेब चुकता झाल्याच्या समाधानात घरी जातो. कथेत असं काही होत नाही. खुनी मोकळा आहे, श्रीमंत आहे, त्याच्यावर जीव ओवाळणारी बाई त्याची वाट बघते आहे, आणि हे सगळं एका सज्जन वकिलाच्या हातून घडलं आहे. मेहर्नने नियम मोडला नाही. त्याने फक्त आपल्या अशिलाच्या निर्दोषपणावर विश्वास ठेवला. आपल्या वकिली आचारसंहितेत म्हटलंय की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दलचं वैयक्तिक मत बाजूला ठेवून वकिलाने त्याचा बचाव करावा. आपण हे वाक्य नेहमी एकाच बाजूने वाचतो: तो दोषी वाटला तरी लढा. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तो निर्दोष वाटला म्हणून हाती आलेला कागद तपासायचं सोडू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, सुरुवात कुठून करावी. आधी कथा वाचा, एका बैठकीत. मग काही दिवस जाऊ द्या आणि 1957 चा सिनेमा बघा. चार्ल्स लॉटनचा वकील, मार्लीन डीट्रिखची बायको आणि टायरोन पॉवरचा व्होल आजही जुने वाटत नाहीत. शेवट कोणाला सांगू नका अशी विनंती सिनेमा संपल्यावर पडद्यामागचा आवाज करतो. सिनेमात बायकोचं नाव क्रिस्टीन आहे आणि गोष्ट युद्धानंतरची झाली आहे, त्यामुळे गोंधळू नका. नाटकाची संहिता त्यानंतर वाचली तर तिन्ही रूपांतला फरक नीट कळेल. कथा दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा एक करा. मेहर्न आणि रोमेनची पहिली भेट आहे ना, ती अगदी सावकाश वाचा. तिथे ती त्यांना एक प्रश्न विचारते: फक्त माझ्या शब्दावर तो सुटेल का? मेहर्न खरं उत्तर देतात. तिचा सगळा बेत त्यांच्या त्या उत्तरानंतर सुरू होतो.